सोलापुरात मराठी माध्यमातून आलेल्या एफ.वाय.च्या मुलांना इंग्रजी लेखन शिकवायचं आहे, सुरुवात कुठून करू?

काळांच्या तक्त्यापासून नको. तो बारावीपर्यंत पाठ झालेला असतो, तरी कागदावर 'आय अ‍ॅम गो टू कॉलेज' येतंच.

आपल्या वर्गात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, अक्कलकोटकडच्या बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड. या तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्याच्या मागोमाग. म्हणून आधी फक्त कर्ता-क्रियापद-कर्म या क्रमाची छोटी वाक्यं लिहून घ्या, तीही त्यांच्या घरची: 'माय मदर मेक्स कडक भाकरी. शी सेल्स इट इन द मार्केट.' कुणी 'मदर मेक' लिहिलं तर लगेच दुरुस्त करू नका. काय राहिलं ते त्यालाच शोधू द्या. हा शेवटचा 'एस' पदवीपर्यंत छळतो, त्यामुळे त्यावर वेळ गेला तरी चालेल.

'अ', 'अ‍ॅन', 'द' यांवर मात्र सुरुवातीला अडून बसू नका, ते वाचनातून हळूहळू येतं.

आणि कृपा करून सगळी वही लाल करू नका, मुलं लिहायचंच सोडतात. एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवा आणि तोच परिच्छेद पुन्हा लिहून घ्या. समजावताना खुशाल मराठीत बोला, पण प्रत्येक तासाला दहा मिनिटं लिहिण्यासाठी राखून ठेवा.