उन्हवऱ्याचं कुंड आणि कोरोनाची चाचणी

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत दापोलीकडच्या उन्हवऱ्याला गरम पाण्याचं कुंड बघायला गेलो होतो. झऱ्याच्या तोंडाशी पाणी इतकं कढत की बोट घालवेना. भाचा म्हणाला, "मामा, असल्याच पाण्यातल्या जंतूंमुळे कोरोनाची चाचणी करता आली." पोरगा बारावी सायन्सला आहे, पण थापाही मारतो. हे खरं का? आणि त्या जंतूंतले उपयोगी एन्झाइम शोधतात तरी कसे?
— एक वाचक, खेड

उत्तर : या खेपेला भाच्याने थाप मारलेली नाही. फक्त ते कुंड आपल्याकडचं नव्हे, अमेरिकेतल्या यलोस्टोनचं. १९६६ साली थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी तिथल्या मशरूम स्प्रिंगमधून एक जिवाणू वाढवला. ७० अंश सेल्सिअसला तो मजेत राहतो. १९६९ मध्ये त्याचं बारसं झालं : थर्मस ॲक्वाटिकस. ब्रॉक यांना कारखान्याचं काही सुचलेलंही नव्हतं. जीव किती उष्णतेपर्यंत तग धरतात, एवढंच त्यांना बघायचं होतं. पण त्यांनी तो जिवाणू जंतूंच्या संग्रहात ठेवायला दिला, आणि माझ्या मते सगळं श्रेय त्या एका सवयीला आहे. १९७६ मध्ये सिनसिनाटीत ॲलिस चिएन आणि सहकाऱ्यांनी त्यातून डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम, म्हणजे पेशीतली क्रिया घडवून आणणारं प्रथिन, वेगळं काढलं. तेच आजचं 'टॅक'.

कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये पीसीआरची, म्हणजे नळीत डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या पद्धतीची, कल्पना सुचली. त्यात डीएनएच्या जोडधाग्याचे दोन पदर सुटे करायला प्रत्येक फेरीत साधारण ९५ अंशांपर्यंत तापवावं लागतं. तेव्हा वापरात असलेलं ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचं एन्झाइम तेवढ्यात निकामी व्हायचं, मग दर फेरीला नळी उघडून नवा थेंब घाला! टॅक एकदाच घातलं की काम झालं. कोरोनाच्या आरटी-पीसीआरमध्ये विषाणूच्या आरएनएची, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुराची, आधी डीएनए-नक्कल करतात. पुढे तिच्या असंख्य प्रती काढायचं काम टॅक किंवा त्याच्या सुधारलेल्या भावंडांचं.

आता शोधायचं कसं. मी निवृत्त होईपर्यंत कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. एका वर्षी मुलांना घेऊन संगमेश्वरजवळच्या तुरळला गेले. थर्मासात पाणी आणि थोडा गाळ भरून आणला. स्टार्च घातलेल्या अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटांवर तो पसरला आणि प्लेटा ६० अंशांच्या पेटीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर अगारचे पापड झालेले. मग प्लेटा ओल्या कापसासकट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पुन्हा लावल्या. दोन दिवसांनी मळकट पांढरे ठिपके दिसले. प्रत्येक ठिपका आधी दुसऱ्या प्लेटवर टोचून घ्यायचा, कारण पुढे ओतायचं आयोडीन त्याला मारतं. आयोडीन ओतलं की सगळी प्लेट निळीकाळी होते. ज्या ठिपक्याभोवतीचा स्टार्च पचलाय, तिथे मात्र चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं. आम्हाला तीन खळी मिळाली. वर्गात असा आरडाओरडा झाला की प्राचार्य डोकावून गेले.

खळं पडलं म्हणजे मात्र काम फत्ते नव्हे. ते एन्झाइम ८०–९० अंशांवर ठेवून दर थोड्या वेळाने किती ताकद उरली ते मोजावं लागतं. टिकलं, तर त्याचा जनुक ई. कोलायमध्ये घालतात, ई. कोलायला ३७ अंश पुरतात, म्हणून तो टाकीत वाढवायला स्वस्त. पुढची युक्ती मला फार आवडते. पेशी फोडून तो रस्सा ७० अंशांना तापवायचा. ई. कोलायची बहुतेक प्रथिनं नासलेल्या दुधासारखी फाटतात आणि आपलं एन्झाइम वरच्या निवळीत शाबूत राहतं. निम्मी सफाई नुसत्या आचेवर!

कारखान्याला कढत काम हवं असतं ते का, हे घरी कपड्यांसाठी पिठाची खळ करताना कळतं. स्टार्च तापला की लापशीसारखा घट्ट होतो. मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोजचा पाक करताना तो १०५ अंशांच्या आसपास नेतात आणि त्याच वेळी अमायलेज, म्हणजे स्टार्च पचवणारं एन्झाइम, त्याचे तुकडे करून पातळ करतं. गोळ्या-चॉकलेटांत हाच पाक असतो. पण एक सांगते, यासाठी वर्षानुवर्षं वापरलेलं अमायलेज बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूचं, आणि तो साध्या मातीतही सापडतो. आच सोसणारं प्रत्येक एन्झाइम कुंडातूनच येतं असं नाही.

टॅकवर कंपन्यांनी अमाप पैसा केला, यलोस्टोन उद्यानाला त्यातला वाटा मिळाला नाही. आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे. धंद्यासाठी असा जंतू वापरायचा तर आधी राज्याच्या जैवविविधता मंडळाला कळवावं लागतं. भाच्याला नुसती हौस असेल तर कॉलेजच्या मॅडमना विचारून त्यांच्याच प्रयोगशाळेत करू दे. आणि थर्मास घरचा नेऊ नका. आमच्या त्या थर्मासातला चहा नंतर कोणी प्यायला तयार होईना.