उडीचा आकडा आणि मैदानाची परवानगी

प्रश्न : मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळते. जखमी खेळाडू पुन्हा खेळायला तयार झाला का, हे मोजण्याचं काम मला करायचंय. पुढे स्पोर्ट्स फिजिओथेरपी शिकू की डेटा सायन्स?

उत्तर : स्पोर्ट्स फिजिओथेरपीच शीक. या कामात आकडा काढणं फारसं अवघड नाही. तो कुठे फसवतो, हे कळायला मात्र हाताखालून पुष्कळ गुडघे जावे लागतात.

एसीएलच्या, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणाऱ्या अस्थिबंधाच्या (लिगामेंटच्या), शस्त्रक्रियेचंच घे. खेळाडूला एका पायावर उडी मारायला लावतात आणि दोन्ही पायांच्या उड्यांची तुलना करतात. दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या ९० टक्के भरला की पास, असा साधारण प्रघात आहे. पण इतके महिने खेळ बंद असताना तो चांगला पायही कमजोर झालेला असतो, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तोच घटलेला. शिवाय गुडघा कमी पडला तर खेळाडू कंबर आणि घोट्याच्या जोरावर अंतर भरून काढतो. त्यामुळे उडी पुरेशी लांब गेली तरी मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद यंत्रावर वेगळी तपासावीच लागते.

ही चिकाटी का धरायची, ते २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासातून दिसतं. खेळात परतण्याचे निकष पूर्ण न करणाऱ्यांपैकी ३८.२ टक्के जणांचा गुडघा दोन वर्षांत पुन्हा दुखावला. निकष पूर्ण करणाऱ्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होतं. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका धोका दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटला. सातव्या महिन्यात प्रशिक्षक घाई करू लागतो आणि खेळाडूही गयावया करतो, तेव्हा तुला हेच त्यांना समजावून सांगायचंय.

मनाची तयारीही मोजतात. त्यासाठी एसीएल-आरएसआय ही बारा प्रश्नांची प्रश्नावली आहे. पाय भरून आला तरी टॅकलच्या क्षणी जो कचरतो, तो अजून तयार नाही, असं मी मानतो.

डेटाकडे पाठ फिरव, असं मात्र मी म्हणत नाही. जीपीएस जॅकेटमधून वेगवान धावांची माहिती येते, ती वाचता यायला हवी. सगळ्यात आधी शिक ती मापनातली चूक. चाचणीचाच आकडा रोज पाच-सहा सेंटीमीटर हलत असेल, तर चार सेंटीमीटरच्या वाढीला सुधारणा म्हणता येत नाही.

सुरुवात आताच कर. संघातल्या सगळ्या मुली धडधाकट आहेत तोवर त्यांच्या दोन्ही पायांची मापं घेऊन ठेव. पुढे कुणी जखमी झाली, तर तिची तुलना तिच्याच जुन्या आकड्याशी करता येईल. प्रत्येकीची उडी तीन वेगवेगळ्या दिवशी मोज, आकडे किती हलतात ते वहीत लिहून ठेव आणि मला कळव.