वाचकांचे प्रश्न : जॅझच्या दशकातली अमेरिका

गेल्या अंकातल्या १९२०च्या दशकातील अमेरिकेवरच्या लेखानंतर बरीच पत्रे आली. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

दारूबंदी होती, तरी लोक बिनदिक्कत पीत होते असे लेखात आहे. मग कायदा होता तरी कशासाठी? (वाचक, तासगाव)

कायद्यात पिणे हा गुन्हाच नव्हता. १७ जानेवारी १९२०पासून अंमलात आलेल्या अठराव्या घटनादुरुस्तीने बंदी घातली ती दारू गाळण्यावर, विकण्यावर आणि तिची ने-आण करण्यावर. त्याआधी घरात भरून ठेवलेली दारू घरी बसून, पाहुण्यांना पाजूनही संपवता येत होती. ऐपतदारांनी तळघरे भरून घेतली ती म्हणूनच. आपला १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा याहून कडक. त्यात परवान्यावाचून पिणेही गुन्हा, आणि त्यातूनच ‘परमिट रूम’ची पाटी आली.

अंमलबजावणीच्या व्होल्स्टेड कायद्याने अर्ध्या टक्क्याहून कमी अल्कोहोल असलेलीच पेये सोडली. व्हिस्की जाईल पण बिअर राहील, या समजुतीने बंदीला पाठिंबा देणारे इथे फसले. पळवाटा मात्र त्याच कायद्यात होत्या. डॉक्टर एका रुग्णाला दहा दिवसांत एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरला जरा कमी, व्हिस्की लिहून देऊ शकत. धर्मविधींसाठी वाइन मिळे. आणि घरगुती वापरासाठी फळांचा रस करायला मुभा होती, व्यवहारात कुटुंबामागे वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५० लिटर. ही सवलत सफरचंदाचा रस टिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या नावाने ठेवली होती, पण चांदी झाली कॅलिफोर्नियाच्या द्राक्षबागायतदारांची.

तुम्ही तासगावचे, म्हणून पुढची गोष्ट मुद्दाम सांगतो. पूर्वेकडच्या शहरांत लोक घरी वाइन करण्यासाठी पेट्यांनी द्राक्षे घेऊ लागले. उत्तम वाइनच्या पातळ सालीच्या जाती रेल्वेच्या लांब प्रवासात फुटत. बागायतदारांनी त्यांच्या जागी ‘अलिकांत बूशे’सारख्या जाड सालीच्या, आतूनही लाल असलेल्या जातीची कलमे बांधली. तिचा रस इतका गडद, की एकदा पिळलेल्या चोथ्यावर साखरेचे पाणी घालून दुसरा घाणाही काढता येई. वाइन सुमार होई, पण पेटी धड पोचे. बंदी १९३३मध्ये उठली तरी बागांत तीच सुमार झाडे उभी होती, आणि चांगल्या वाइनची घडी पुन्हा बसायला बरीच वर्षे गेली.

सरकारनेच दारूत विष कालवले हे खरे का? (वाचक, नगर)

पिण्याच्या दारूत नाही, कारखान्यांच्या अल्कोहोलमध्ये. रंग आणि रसायनांसाठी लागणाऱ्या अल्कोहोलवर करमाफी होती, आणि ते कुणी पिऊ नये म्हणून त्यात मिथेनॉलसारखी द्रव्ये मिसळण्याची पद्धत बंदीआधीपासूनच होती. बंदीत टोळ्या हाच माल पळवून पुन्हा गाळू लागल्या, तेव्हा सरकारने मिथेनॉल वाढवले. मिथेनॉल ६५ अंशांना उकळते, पिण्याचे अल्कोहोल ७८ला. साध्या भट्टीवर दोन्हींची वाफ एकत्रच निघते आणि थोडे मिथेनॉल उरतेच. ते यकृतात फॉर्मिक आम्ल होते आणि डोळ्यांच्या नसा जाळते. हे व्हायला कित्येक तास जातात, त्यामुळे पिणाऱ्याला त्या क्षणी काहीच जाणवत नाही. हातभट्टीच्या विषबाधांत आजही हेच घडते. न्यूयॉर्क शहराचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी अशा विषबाधेतून झालेल्या मृत्यूंसाठी सरकारला जाहीरपणे जबाबदार धरले होते.

जुन्या तबकड्या ऐकून आम्ही बँडसाठी नोटेशन उतरवतो. ड्रम ऐकूच येत नाहीत, आणि पट्टीही विचित्र लागते. (वाचक, मडगाव)

१९२५पूर्वीच्या ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. वादक एका कर्ण्यासमोर उभे राहत आणि आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर चर कोरत असे. मोठ्या ड्रमचा ठोका पडला की सुई उडे, म्हणून ड्रमवादकाला लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागे. तारेच्या बासचा आवाज पोचत नसे, तिथे ट्यूबा हे मोठे पितळी वाद्य येई. १९२३मध्ये रिचमंड, इंडियाना इथे किंग ऑलिव्हरच्या बँडचे मुद्रण झाले, तेव्हा लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे वाद्य) इतरांना झाकून टाकू नये म्हणून त्याला मागे लांब उभे केले होते. तेव्हा तबकडीतला तोल म्हणजे नाचघरातला तोल नव्हे. तालाचा भाग विजेच्या मुद्रणातून, म्हणजे १९२५नंतरच्या तबकड्यांतून उतरवा.

पट्टीचा दोष वेगाचा आहे. मिनिटाला ‘७८ फेरे’ हा नावापुरता आकडा, कंपनीगणिक तो खालीवर होई. वेगात सहा टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. क्लॅरिनेट-कॉर्नेटचे बँड सहसा बी फ्लॅट, ई फ्लॅट किंवा एफमध्ये वाजवत. तबकडी त्यांच्यापासून अर्धा स्वर सरकलेल्या बी किंवा ई मेजरमध्ये लागली, तर आधी वेगावर संशय घ्या. वेग जुळवून पियानोचा सूर तपासा आणि मगच लिहायला बसा. एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची असे. त्यामुळे एकट्याचे वादन आखूड दिसले तर तीही तबकडीची मर्यादा समजा, वादकाची नाही.

स्त्रियांना मोकळीक मिळाली म्हणता. तिथल्या भारतीयांशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रियांचे काय? (वाचक, पुणे)

मताचा हक्क ऑगस्ट १९२०मध्ये मिळाला, चोरट्या बारमध्ये पुरुषांबरोबर बसणेही रुळले, पण इथे गाडे अडले. १९०७च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व जाई. १९२२च्या केबल कायद्याने ते बहुतेकींना राखता आले. मोठा अपवाद असा : नवरा नागरिक होण्यास अपात्र वंशाचा असेल तर नाही. आणि १९२३मध्ये नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना ‘गोरे’ मानायला नकार देऊन त्याच यादीत टाकले. स्त्रियांसाठीची ही अट १९३१मध्ये गेली. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग उघडायला मात्र १९४६ उजाडले.