आईच्या अंगात येतं, तेव्हा

प्रश्न : आमचं घराणं तुळजापूरच्या भवानीचं आराधी. आई मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागते, नवरात्रात आरतीला तिच्या अंगात येतं. माघात वडील गेले. तेव्हापासून केव्हाही येतं, भाकरी थापताना, मध्यरात्रीसुद्धा. मग रडते, ‘सोड मला’ म्हणते. झोप नाही, दोन घास जात नाहीत. भाऊ म्हणतो देवऋषी गाठू. पुण्यातले मित्र म्हणतात, हे सगळं पहिल्यापासून वेडच. काय करू?
— एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : मित्रांचं आधी मनातून काढून टाका. आरतीतलं अंगात येणं हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही जी अवस्था माणसाला नकोशी असते आणि धर्म-संस्कृतीच्या रीतीबाहेर येते, तिलाच विकार म्हटलंय. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की, कुणाच्या जातीधर्मावरून किंवा श्रद्धेवरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आराधी, पोतराज, गोंधळी घरांतल्या माणसांवर हा शिक्का फार पटकन बसतो, त्याचा मला संताप येतो.

चुलीपुढचं येणं मात्र वेगळं. तिथं संबळ नाही, आरती नाही, आणि तिला ते नकोय. त्याहून मला घोर आहे तो झोपेचा आणि अन्नाचा. जोडीदार गेल्याचं दुःख नैराश्यात उतरलेलं असू शकतं. फिट किंवा थायरॉईडही तपासावं लागेल. या आठवड्यातच जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. परडी, जोगवा, सगळं त्यांना मोकळेपणी सांगा. जीव नकोसा झालाय का, हे आईला सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाली तर एकटी ठेवू नका, त्याच दिवशी न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर रात्रीसुद्धा मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणखी एक विचारते. वडील गेल्यापासून आईला आरतीला, ओटी भरायला कुणी बोलावतं का? ज्या बाईच्या पाया सगळी आळी पडायची, तिला कुंकवाच्या ताटापासून लांब बसवलं असेल, तर तिचा नवरा आणि तिचा मान एकदमच गेला. हे डॉक्टरांच्या गोळीनं भरून येणार नाही. भावकीतल्या बायकांशी तुम्ही स्वतः बोला.

भावाला देवीला नवस बोलू द्या, ओटी भरू द्या. पण बांधणं, मारणं, धूर देणं होऊ देऊ नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. औषधं सुरू झाली की उपवासाच्या दिवशी ती कशी घ्यायची, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. आणि परडी घरातच, तिच्या हाताशी राहू द्या.