जर्मनीत कंपनी काढताना तुमच्या नावाचं वजन किती

सर, शिवाजी विद्यापीठ सोडून मी राहतो त्या जर्मनीत सुपरकॅपॅसिटरची (झटपट चार्ज होणाऱ्या, वीज साठवणाऱ्या साधनाची) कंपनी काढायची म्हणता, आणि आपल्या पेपरांचा आणि सायटेशनचा, म्हणजे इतरांनी त्या पेपरांच्या दिलेल्या दाखल्यांचा, तिथं कितपत उपयोग होईल, असं विचारलंत. व्हिसाचे नियम वकिलातीच्या साइटवर आहेत, ते सोडतो.

अनुदान समितीपुढं, पहिल्या गुंतवणूकदारापुढं नाव चालतं. पुढं मात्र पेपरात न मावलेलं ज्ञानच कामाला येतं. झुकर, डार्बी आणि ब्रूअर यांनी १९९८ साली अमेरिकेतल्या बायोटेकबद्दल हेच दाखवलं: नामवंत शास्त्रज्ञ जिथं प्रत्यक्ष काम करत होते, तिथंच कंपन्या निघाल्या. सिलार पद्धतीत, म्हणजे पट्टी द्रावणांत आळीपाळीनं बुडवून तिच्यावर थर चढवताना, ती किती वेळा बुडवली हे छापून येतं. ती कशी धुतली, द्रावण किती शिळं होतं, हे तुमच्या पीएचडीच्या पोरांच्या हातात असतं, आणि पोरं कोल्हापुरातच राहणार. त्यातल्या एकाला तरी भागीदार करून आणा.

नावाचा तोटाही आहे. पेपरला मोठा आकडा लागतो. चौरस सेंटीमीटरवर १ मिलिग्रॅमहून कमी पदार्थ लावला की फॅरड प्रति ग्रॅम, म्हणजे वजनामागची साठवणक्षमता, भरपूर दिसतात. विकायच्या इलेक्ट्रोडवर साधारण १० मिलिग्रॅम लागतो. तेवढ्या जाड थरात आयन आतपर्यंत पोचत नाहीत, झटपट चार्जिंगला क्षमता पडते, थर पट्टीवरून सुटतो. म्हणून तीन इलेक्ट्रोडचे, म्हणजे प्रयोगशाळेत एकाच इलेक्ट्रोडची चाचणी करून आलेले आकडे बाजूला ठेवा, दोन इलेक्ट्रोडचा पूर्ण सेल मोजा. यातून पेपर निघत नाही, म्हणून मोठे प्राध्यापक हे काम टाळतात आणि कंपनी तिथंच रुतते. उत्पादनातला माणूस पहिल्या दिवसापासून घ्या, आणि तुम्हाला 'नाही' म्हणायचा अधिकार त्याला लेखी द्या.

पेटंटआधी पेपर किंवा पोस्टर नको. युरोपात स्वतःच्या पेपरनंही पेटंटला लागणारं नावीन्य जातं. अमेरिकेसारखी १२ महिन्यांची सवलत इथं नाही. शोध भारतात राहून लावलाय, तेव्हा आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा, किंवा भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३९ ची, परदेशात अर्ज करायची परवानगी घ्या. इथल्या जर्मन विद्यापीठात नोकरी धरलीत तर २००२ पासूनच्या कायद्यानं तिथल्या शोधावर विद्यापीठ हक्क सांगू शकतं, तुम्हाला उत्पन्नाचे ३० टक्के. जीएमबीएचला (इथल्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीला) भांडवल २५,००० युरो, नोंदणीआधी निदान १२,५०० भरलेले. आधी नोटरीचा दस्त, मग बँक खातं, मग नोंदणी. एक कागद अडला की पुढचं सगळं ठप्प.

मुलगी तिसरीत आहे म्हणालात. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वाटणी होते, गिम्नॅशियमला, म्हणजे विद्यापीठाकडं नेणाऱ्या शाळेला, कोण जाणार आणि कोण नाही. गणितात पहिलं येणारं पोर जर्मनच्या मार्कांपायी खाली ढकललं जातं. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. निघायच्या वर्षभर आधी तिची जर्मनची शिकवणी लावा, तुमच्या आधी तिची.

एकटेपणाची काळजी नको, कामात दिवस जातो. सलतं ते वेगळंच. कोल्हापुरात 'सर' म्हटलं की पुढची ओळख लागत नाही, इथं ती प्रत्येक टेबलावर नव्यानं द्यावी लागते, आणि ते मला अजून जड जातं. राजीनामा एवढ्यात देऊ नका. लिएनवर, म्हणजे नोकरीवरचा हक्क राखून, रजा मिळते का ते आधी बघा.