वाचकांचे प्रश्न : आळंदीच्या प्रस्थानाला वेळेवर पोहोचण्यासाठी

आषाढी वारीच्या प्रवासाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. चालण्याच्या तयारीबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, परंतु घरापासून पालखीपर्यंतच्या प्रवासाची आखणी मात्र बहुतेक जण शेवटच्या आठवड्यावर सोडतात, म्हणून हा अंक त्या एकाच विषयाला दिला आहे.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा असून माझी पत्नी ५८ वर्षांची आहे. आम्ही प्रथमच माउलींच्या सोहळ्यात आळंदीपासून चालणार आहोत. बडनेऱ्याहून आम्ही धरणार असलेली गाडी प्रस्थानाच्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास पुण्यात पोहोचते. प्रस्थान दुपारी चारला असते, तेव्हा मधले साडेपाच तास पुरेसे आहेत, असे मुलाचे म्हणणे आहे. आपला सल्ला काय?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : एरवीच्या दिवशी आपल्या मुलाचा हिशेब अगदी बरोबर ठरला असता, कारण पुणे स्टेशनापासून आळंदी सुमारे २०-२२ किलोमीटर आहे आणि पीएमपीच्या बसने तासा-सव्वा तासात तेथे पोहोचता येते. प्रस्थानाच्या दिवशी मात्र हे अंतर किलोमीटरांत मोजून उपयोग नाही. आळंदीत येणाऱ्या खासगी वाहनांना त्या दिवशी गावाबाहेरच थांबवले जाते, वाहतूक वळवलेली असते, जादा सोडलेल्या बसही गर्दीत अडकतात आणि शेवटचा टप्पा बहुतेकांना पाठीवर सामान घेऊन पायीच काटावा लागतो. त्यात जूनचा पाऊस आणि रात्रभर धावून आलेली गाडी. ती दोन तास उशिरा आली, तर आपल्या हाती काहीच उरत नाही.

माझ्या पहिल्या वारीत मी हीच चूक केली होती. सकाळी पोहोचणारी गाडी दुपारी एकला पुण्यात आली, बस दिघीच्या पुढे सरकेना आणि मी आळंदीत पाऊल ठेवले तेव्हा पालखी देऊळवाड्यातून, म्हणजे समाधी मंदिराच्या आवारातून, निघून गांधीवाड्यात, म्हणजे आजोळघरी, पहिल्या मुक्कामाला पोहोचली होती. दर्शन झाले, पुढची वारीही झाली, परंतु ज्या क्षणासाठी वर्षभर वाट पाहिली होती तो हुकला, याची रुखरुख मला आजही आहे. म्हणून माझा सल्ला निःसंदिग्ध आहे : ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान असेल, तर आपण सप्तमीच्या दुपारपर्यंत आळंदीत असावे. सोहळ्यात पालखीपुढे चालणारे शितोळे सरकारांचे अश्वसुद्धा बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून पायी निघून प्रस्थानाआधीच आळंदीत दाखल झालेले असतात, तेव्हा रेल्वेने येणाऱ्या आपण एक दिवस आधी यावे यात जास्तीचे काही नाही.

आता तिकिटाविषयी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. प्रस्थानाची तिथी पंचांगात वर्षभर आधी कळते, म्हणून आरक्षण कोणत्या दिवशी सकाळी आठला उघडेल, हे आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवता येईल. मात्र मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नये. आषाढी एकादशी २०२४ मध्ये १७ जुलैला होती, २०२५ मध्ये ६ जुलैला आली आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैपर्यंत पुढे जाते. त्यानुसार प्रस्थानही सरकते. दुसरी एक चूक विदर्भातून येणाऱ्यांकडून हमखास होते : गाडी आपल्या स्थानकावर मध्यरात्रीनंतर येत असेल, तर तिकीट पुढच्या तारखेचे काढावे लागते. रात्री साडेबाराच्या गाडीसाठी आदल्या दिवसाची तारीख टाकणाऱ्यांना फलाटावर आल्यावरच कळते, की आपली गाडी २४ तासांपूर्वी निघून गेली.

प्रस्थानाची वेळही गृहीत धरू नये. ते साधारणपणे दुपारी चारच्या सुमारास होते, परंतु २०२५ मध्ये १९ जूनला गुरुवार आल्यामुळे ते रात्री आठच्या सुमारास ठेवण्यात आले होते. अशा वर्षी दुपारी पोहोचलो तरी चालेल, असा विचार मनात येईल, पण आपल्या वयाला रात्रीच्या अंधारात, त्या गर्दीत मुक्कामाची जागा शोधणे फार त्रासाचे होते. शिवाय त्या दिवशी देऊळवाड्यात मानाच्या दिंड्यांनाच प्रवेश असतो, म्हणून समाधीचे दर्शन शांतपणे घ्यायचे असेल, तर त्यासाठीही आदल्या दिवशीच यायला हवे.

आपण दिंडीचे नाव कळवलेले नाही. ज्या दिंडीत भिशी (वाटेतील जेवणखाण व मुक्कामाची वर्गणी) भरली असेल, तिच्या चालकांना निघण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : आळंदीत दिंडीचा उतारा कोणत्या धर्मशाळेत किंवा मठात आहे, सामानाचा ट्रक कोठे उभा राहणार आहे आणि वळकटी ट्रकवर केव्हापर्यंत द्यायची आहे. दिंडीचा ट्रक आपल्याच भागातून निघत असेल, तर वळकटी गावीच त्यात चढवावी आणि स्वतःजवळ केवळ एक पिशवी ठेवावी. तिच्यात औषधे, आधार कार्ड, कपड्यांचा एक कोरडा जोड आणि दिंडीचा क्रमांक व संपर्क लिहिलेला कागद असावा. गर्दीत फोन लागेनासा होतो, त्या वेळी हा कागदच कामी येतो.

एसटीने यायचे ठरवले, तर आपल्या पत्नीला महिलांसाठीची निम्म्या भाड्याची सवलत मिळेल, आपल्याला मात्र ज्येष्ठांची सवलत ६५ वर्षांनंतर लागू होईल. तरीही बडनेऱ्यापासून पुण्यापर्यंतचा रात्रभराचा प्रवास बसच्या आसनावर करून त्यानंतर १८ दिवस चालावे, असे मी सुचवणार नाही. रेल्वेत आडवे होता येते, आणि वारीच्या पहिल्या दिवशी पायांना त्याची किंमत कळते.

प्रश्न : मला कार्यालयातून केवळ चार दिवसांची रजा मिळणार आहे. प्रस्थानाचा दिवस त्यात बसत नाही. अशा वेळी वाटेत कोठून सामील व्हावे? गोव्याहून थेट रेल्वेने जाता येईल असे ठिकाण आहे का?
— एक वाचक भगिनी, डिचोली (गोवा)

उत्तर : आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण सोहळ्याच्या मार्गाचा आणि रेल्वेमार्गाचा मेळ कोठे बसतो हे थोड्यांच्या लक्षात येते. माउलींची पालखी पुण्यात दोन रात्री आणि सासवडला दोन रात्री थांबून पुढे जेजुरी, वाल्हे आणि नीरेवरून लोणंदला जाते. जेजुरी, वाल्हे, नीरा आणि लोणंद ही चारही पुणे–सातारा–मिरज मार्गावरची रेल्वे स्थानके आहेत. आपण चोर्ला घाटाने बेळगावला येऊन तेथून मिरजेकडे जाणारी गाडी धरलीत, तर पुण्यापर्यंत जाऊन उलट यायचीही गरज नाही. सर्वच एक्स्प्रेस गाड्या या लहान स्थानकांवर थांबत नाहीत, म्हणून थांबा पाहूनच तिकीट काढावे आणि थांबा नसेल, तर मिरज किंवा साताऱ्याला उतरून जोडगाडी अथवा एसटी धरावी.

चार दिवसांचाच प्रश्न असेल, तर मी लोणंद सुचवेन. नीरा नदीत माउलींच्या पादुकांचे स्नान झाल्यावर पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंदला मुक्कामाला येते. तेथून तरडगावकडे जाताना चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण (दुतर्फा उभ्या वारकऱ्यांमधून अश्व धावतात तो सोहळा) होते, आणि पुढे फलटण व बरड असे मुक्काम आहेत. २०२५ मध्ये हे मुक्काम २६ जूनला लोणंद, २७ ला तरडगाव, २८ ला फलटण आणि २९ ला बरड असे होते. तिथीची वृद्धी किंवा क्षय झाल्यास लोणंदचा मुक्काम एकाऐवजी अधिक दिवसांचाही असतो, म्हणून त्या वर्षीची मुक्कामपत्रिका हाती आल्यावरच रजेचा अर्ज द्यावा. परतताना फलटणहून एसटीने पुन्हा लोणंद किंवा सातारा गाठता येते.

सासवड गाठण्याचा मोह मात्र टाळावा. दिवे घाट चढणारी पालखी पाहावी असे प्रत्येकाला वाटते आणि ते दृश्य आहेही तसेच, परंतु त्या दिवशी हडपसरकडून घाटाचा रस्ता वाहनांसाठी बंद असतो आणि कोंढव्याहून बोपदेव घाटाने जाणारी वाटही तुंबते. दिवे घाट पाहायचा तर पुण्यातूनच पालखीबरोबर पायी निघावे. त्यासाठी पुण्यातील दोन रात्रींपैकी पहिल्या रात्रीच मुक्कामी असलेले बरे.

एकट्या स्त्रीने ओळखीशिवाय वाटेत सामील होऊ नये, असे मी म्हणणार नाही, कारण दिंडीत बायकांची संख्या मोठी असते आणि एकमेकींची काळजी घेतली जाते. मात्र रात्रीच्या निवाऱ्याची आणि जेवणाची सोय दिंडीचालकांशी आधी बोलून पक्की करावी. तंबू मोजून लावलेले असतात, आणि न सांगता आलेल्या व्यक्तीसाठी कोणाला तरी आपली जागा सोडावी लागते.

प्रश्न : आम्ही सिन्नरचे बारा जण आहोत. देहू आणि आळंदी या दोन्ही ठिकाणची प्रस्थाने पाहून मग माउलींबरोबर चालायचे आहे. स्वतःची गाडी न्यावी का? तसेच आमचे दोन नातेवाईक छत्रपती संभाजीनगरहून थेट आळंदीला येणार आहेत. त्यांनी कसे यावे?
— एक वाचक, सिन्नर (जि. नाशिक)

उत्तर : गाडी नेऊ नये. ती लावायला जागा मिळणार नाही, मिळाली तरी पंढरपूरहून ती घेण्यासाठी कोणाला तरी परत यावे लागेल, आणि बारा जणांतील एकाचे लक्ष सतत त्या गाडीकडे राहील. आपल्या गावाहून पुण्याकडे येणारी एसटी संगमनेर, नारायणगाव, राजगुरुनगर, चाकण या मार्गाने येते. आपल्याला पुण्यात शिरण्याची गरजच नाही. मोशीला उतरून चिखली, तळवडेमार्गे देहू गाठावे.

तुकोबारायांच्या पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीला होते आणि ती पहिली रात्र देहूतच इनामदारवाड्यात असते. अष्टमीच्या सकाळी ती आकुर्डीकडे निघते आणि त्याच दिवशी आळंदीत माउलींचे प्रस्थान असते. म्हणजे दोन्ही प्रस्थाने पाहणाऱ्यांना आदल्या दिवशी आळंदीत असण्याचा माझा वरचा नियम पाळता येत नाही. त्यावर उपाय एकच : अष्टमीला पहाटे अंधारातच देहू सोडून तळवडे, चिखली, मोशी या रस्त्याने पायी निघावे. अंतर साधारण १८-२० किलोमीटर आहे आणि बंद रस्ते, अडलेली वाहने यांचा पायी चालणाऱ्याला अडथळा होत नाही. बारा जणांत कोणाला एवढे चालणे झेपणार नसेल, तर त्यांनी देहूचा मोह सोडून सप्तमीलाच चाकणला उतरून आळंदी गाठावी.

सोबत कोणी मुंबईकडून येणार असेल, तर त्याला लोणावळा–पुणे लोकलने देहूरोड स्थानकावर उतरायला सांगावे. तेथून देहूगाव पाच-सहा किलोमीटर आहे. देहूरोड आणि देहूगाव या दोन वेगळ्या जागा आहेत, एवढे त्यास आधी सांगून ठेवावे.

आपल्या नातेवाइकांनीही पुण्यात जाऊ नये. संभाजीनगर–अहिल्यानगर–पुणे रस्त्यावर वाघोलीच्या अलीकडे लोणीकंद लागते, तेथून तुळापूर, मरकळमार्गे आळंदीला रस्ता जातो आणि तो दिघीच्या रस्त्याइतका गजबजलेला नसतो. लोणीकंदला बस थांबेल का, हे वाहकाला निघतानाच विचारावे. थांबत नसेल, तर वाघोलीला उतरून मागे यावे आणि मरकळच्या बाजूने जाणारे वाहन सप्तमीच्या उजेडातच पाहावे.