वाचकांचे प्रश्न : पठारावरचा तेरडा गच्चीत

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका पठारावर आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तेथे भाद्रपदात वीतभर उंचीचा गुलाबी-जांभळा तेरडा फुलतो. तो ‘इम्पेशन्स लॉई’ असल्याचे एका जाणकारांनी सांगितले. गेल्या वर्षी त्याची चार रोपे मुळांसकट उचलून पुण्याला आणली, पण आठवड्याच्या आत चारही रोपांनी माना टाकल्या. हा तेरडा घरी वाढवता येईल का?

उत्तर : वाढवता येईल, परंतु रोपे आणून नव्हे, बी पेरून. हा तेरडा जगात केवळ पश्चिम घाटातच आढळतो आणि त्याचे सारे आयुष्य एका पावसाळ्यात उरकते. कातळावरच्या बोटभर मातीत त्याची नाजूक मुळे चहूकडे पसरलेली असतात. रोप उपटताना ती तुटतात आणि पाणीदार खोडाला पाणी पुरवणारे कोणी उरत नाही. ज्या झाडाच्या हाती तीन-चार महिनेच आहेत, त्याला नवी मुळे फुटेपर्यंत थांबायला सवड कुठून असणार?

जमीन आपल्या मालकीची आहे, म्हणूनच बी गोळा करण्याविषयी पुढे लिहितो आहे. कास पठारासारख्या राखीव वनातून परवानगीशिवाय फूल, रोप किंवा बी आणणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि ‘चिमूटभर बियांनी काय बिघडते’ हा युक्तिवाद तेथे येणाऱ्या प्रत्येकाला करता येतो. स्वतःच्या जमिनीवरूनही दहा बोंडांमागे एखादेच घ्यावे.

बोंड केव्हा घ्यायचे, हे मात्र नीट पाहून ठरवावे लागते. कोवळे बोंड घट्ट व गडद हिरवे असते. पिकू लागले की ते फुगते, फिकट होते आणि बोटाचा नुसता स्पर्श होताच त्याच्या पाच पाकळ्या स्प्रिंगसारख्या आत वळून बी दूरवर उडते. आपल्या हाती उरतात त्या वळलेल्या हिरव्या साली. त्यामुळे बोंड फिकट होण्याआधीच त्याभोवती तलम कापडाची सैल पुरचुंडी बांधावी आणि ते आत आपोआप फुटू द्यावे. ते बी सावलीत आठवडाभर सुकवून कागदाच्या पाकिटात ठेवावे, आणि पाकिटावर ठिकाण व तारीख लिहावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते व बुरशी येते.

पेरणीसाठी खोल कुंडी नको. बुडाला भोके असलेले मातीचे पसरट परळ घ्यावे, त्यात जांभ्याचा चुरा व जाड वाळू निम्मी निम्मी मिसळून वर थोडी पठारासारखीच हलकी माती घालावी. सगळा थर मिळून चार बोटे पुरे. मेअखेरीस अर्धे बी वर भुरभुरावे, हाताने हलके दाबावे, मात्र मातीखाली पुरू नये. उरलेले अर्धे पुढील वर्षासाठी राखून ठेवावे, कारण पहिला प्रयत्न फसण्याची शक्यता चांगलीच असते. त्यानंतर पावसाची वाट पाहावी. हौसेने एप्रिलमध्ये पाणी घातले, किंवा वळवाच्या एका सरीने बी रुजले आणि मग पंधरा दिवस ऊन पडले, तर सारी रोपे एकदम जातात. म्हणून मोसमी पाऊस नियमित होईपर्यंत परळ आडोशाला कोरडे ठेवावे. बाहेर काढल्यावरही ते पागोळीखाली ठेवू नये, कारण छपरावरून गळणारी धार कोवळी रोपे मातीत गाडते.

पावसाने उघडीप दिली, तर साठवलेले पावसाचे पाणी झारीने शिंपडावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी आम्लधर्मी मातीत वाढणाऱ्या या झाडाला मानवत नाही. सकाळचे ऊन मिळेल पण दुपारी भिंतीची सावली येईल, अशी जागा निवडावी, कारण पठारावर ऑगस्टमध्ये धुके व गार वारा असतो आणि पुण्याच्या गच्चीवर तापलेली फरशी. रोपे दाट उगवली तर ती तशीच राहू द्यावीत; पठारावरही ती एकमेकींना टेकूनच उभी असतात. हंगाम संपल्यावर परळ रिकामे करण्याची घाई करू नये. वाळलेली झाडे पडली तेथेच राहू द्यावीत व परळ पुढच्या जूनपर्यंत कोरडे ठेवावे, म्हणजे काही बी स्वतःच पेरले जाईल. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे आपण म्हणतो. उरलेले आठ महिने तो केवळ बियांच्या रूपात असतो, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. घरी तयार झालेले बी परत पठारावर टाकू नये. शहरातील तणांचे बी व रोगजंतू त्यासोबत तेथे पोहोचू शकतात.

प्रश्न : याच पद्धतीने वाढवलेली माझी रोपे दोन वीत उंच झाली, पाने भरपूर आली, पण फुले मोजकीच आली आणि झाडे आडवी पडली. मी दर पंधरवड्याला गांडूळखत देत होते.

उत्तर : दोष गांडूळखताचाच आहे. भुकेल्या मातीत जगायला शिकलेल्या झाडाला नत्र मिळाले, की ते पानांवरच खर्च करते. पुढील वर्षी खत, शेणखत, जीवामृत यांपैकी काहीही देऊ नये. आपल्या बागेतील गुलाबाला जे लागते, ते याला बाधते.

प्रश्न : सीतेची आसवे कुंडीत लावता येतील का?

उत्तर : मी लावण्याचा सल्ला देणार नाही. ही कीटकभक्षी वनस्पती आहे. मातीतील तिच्या धाग्यांवर सूक्ष्म पिशव्या असतात आणि पाण्यातील बारीक जीव त्यांत ओढले जातात. त्यासाठी कातळावरून अखंड झिरपणारा, क्षार नसलेला पाण्याचा पातळ थर लागतो, आणि तो परळात महिनोन्‌महिने राखणे गृहबागेत जवळपास अशक्य असते. सप्टेंबरमध्ये कासला जाऊन, पायवाट न सोडता, ती तेथेच पाहावी.